दप्तरातला दाखला



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला महाविद्यालयीन शिष्यवृत्त्यांवर बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांच्याकडून एक सवलत मागून घेतली. शिष्यवृत्त्यांची नुसती यादी वाचून दाखवायची असती, तर तिच्यासाठी एवढ्या उकाड्यात तुम्हांला इथे बोलावण्याचे कारण नव्हते. मला एका विशिष्ट विद्यार्थ्याविषयी बोलायचे आहे. तो बुद्धीने चांगला असतो, घरची गरज असते, शिष्यवृत्तीला तो सर्वार्थाने पात्र असतो. आणि तरीही ती त्याला मिळत नाही, कारण त्याचा अर्ज वेळेवर किंवा पुरता पोचत नाही. असा विद्यार्थी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आहे. आपण त्याला धांदरट म्हणतो, आळशी म्हणतो आणि विषय संपवतो.

मीही असाच एकदा विषय संपवला होता. ती हकिकत आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलण्याचा मला अधिकार आहे की नाही ते तुम्हीच ठरवाल.

मी पदार्थविज्ञान शिकवत असे. शिवाय एका विश्वस्त निधीच्या शिष्यवृत्ती समितीवर बरीच वर्षे होतो. निधीचे नाव घेत नाही; चूक निधीची नव्हती, माझी होती. माझ्या वर्गात एक मुलगा होता. प्रयोगशाळेतले एखादे बंद पडलेले उपकरण त्याच्या पुढे ठेवावे आणि दोन तासांनी परत यावे. उपकरण चालू झालेले असे, आणि घंटा होऊन गेल्याचे त्या मुलाला ठाऊकही नसे. पण प्रयोगवही कधी पुरी नाही. सह्या राहिलेल्या, आकृत्या अर्ध्या, कधी वहीच घरी. वडील रिक्षा चालवत. मीच त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज करायला सांगितले. अर्ज आला तो शेवटच्या दिवशी, कचेरी बंद होता होता, आणि त्याला उत्पन्नाचा दाखला जोडलेला नव्हता. मी लाल शाईने त्यावर ‘अपूर्ण’ असे लिहिले. आपण ओळखीच्या मुलाची भीड धरली नाही ह्याचे मला त्या वेळी थोडे समाधानही वाटले.

दुसऱ्या वर्षानंतर त्याने महाविद्यालय सोडले. पुढे सातआठ वर्षांनी आमच्या घरच्या पंपाची मोटर जळली, आणि दुरुस्तीला आला तो हाच. काम झाल्यावर चहा घेताना तो हसत म्हणाला, “सर, त्या दिवशी दाखला माझ्या दप्तरातच होता. तीन आठवडे होता. जोडायचा राहिला.” मी म्हटले, “अरे, मग तेव्हाच का नाही सांगितलेस?” तो म्हणाला, “काय सांगणार? माझे मलाच खरे वाटले नसते.”

त्याला काय झाले होते हे मी सांगू शकत नाही. ते डॉक्टरांचे काम. पण त्या वाक्याने मी वाचायला लागलो, विचारायला लागलो, आणि एका स्थितीची मला ओळख झाली. वैद्यकशास्त्रात तिला एडीएचडी म्हणतात. मराठीत अवधानाची उणीव आणि अतिचंचलता असे म्हणता येईल.

ही काही कालपरवाची टूम नव्हे. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल ह्या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत, पण स्वतःला आवरणे जमत नाही, अशी मुले त्याने पाहिली होती. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ह्या स्थितीला अवधान-उणिवेचे नाव दिले. आज साधारणपणे शंभर मुलांत पाच मुलांना ती असते असे मानतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची मोठेपणीही तिच्यातून पुरती सुटका होत नाही. ती घराण्यात चालत येते, हेही आता पक्के झाले आहे. ह्या गोष्टीला आपल्या विषयात फार महत्त्व आहे. ज्या वडिलांनी मुलाचे कागद सांभाळायचे, त्यांचेच कागद पुष्कळदा सापडत नसतात!

आता तुम्ही म्हणाल, विसरणे, चालढकल करणे हे कोणाला चुकले आहे? खरे आहे. ताप प्रत्येकाला येतो. म्हणून विषमज्वर नाही असे होत नाही. फरक प्रमाणाचा आहे. लहानपणापासून, घरीदारी, शाळेत, सगळीकडे आणि आयुष्याचे नुकसान होईपर्यंत जेव्हा हे चालते, तेव्हा मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. तो निदान करील, औषधाची गरज आहे की नाही हेही तोच सांगेल. मुलींच्या बाबतीत तर विशेष जपावे. धडपड करणारा मुलगा निदान डोळ्यांत तरी येतो. वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

रसेल बार्कली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ह्या स्थितीचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, ह्या माणसांना काय करावे हे कळत नाही असे नाही. कळलेले योग्य वेळी करणे त्यांना जड जाते. काळाचे अंतर त्यांना दिसत नाही. तुम्हांआम्हांला ३१ तारीख दुरून येताना दिसते, जवळ येते, मोठी होते. त्यांच्या लेखी दोनच वेळा असतात : आत्ता आणि नंतर. ३१ तारीख ही तीस दिवस ‘नंतर’ असते आणि एकतिसाव्या दिवशी एकदम ‘आत्ता’ होते.

हे लक्षात घेऊन शिष्यवृत्तीच्या अर्जाकडे पाहा. शिष्यवृत्ती बुद्धीला आणि गरजेला द्यायची असे आपण म्हणतो. अर्ज मात्र काय तपासतो? मुदत ध्यानात ठेवणे. चार कचेऱ्यांतून पाच कागद गोळा करणे. तहसील कचेरीचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, आणि आधारशी जोडलेले बँकेचे खाते. मग ते सगळे संगणकावर चढवणे, आणि त्यानंतर महिनोन् महिने वाट पाहत अधूनमधून चौकशी करणे. म्हणजे पहिली परीक्षा बुद्धीची, आणि तिच्यात उत्तीर्ण झालेल्यांची दुसरी परीक्षा टापटिपीची. लंगड्या मुलाला शिष्यवृत्ती द्यायची, पण अर्ज डोंगरावर ठेवायचा आणि तो त्यानेच चढून आणला पाहिजे अशी अट घालायची, तशातला हा प्रकार आहे.

बरे, कायदा काय म्हणतो? आपल्याकडे २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ह्यात एकवीस झाले. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षणसंस्थांत निदान ५ टक्के जागा राखून ठेवाव्यात असेही त्यात आहे. त्यासाठी अपंगत्व निदान ४० टक्के असावे लागते. त्या एकवीस नावांत स्वमग्नता आहे, वाचन-लेखन-गणिताची विशिष्ट अध्ययनअक्षमता आहे. एडीएचडीचे नाव मात्र स्वतंत्रपणे नाही. तेव्हा केवळ ह्या निदानाच्या कागदावर दिव्यांगांची शिष्यवृत्ती मिळेल अशा भरवशावर कोणी राहू नये. परंतु ह्या मुलांपैकी बऱ्याच जणांना अध्ययनअक्षमताही असते. तशी शंका असेल तर तिची तपासणी वेगळी करून घ्यावी आणि सरकारी वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र काढावे. त्याचे दार लागले, तर केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावरच्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या योजना खुल्या होतात. तंत्रशिक्षण घेणाऱ्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘सक्षम’ नावाची वर्षाला ५०,००० रुपयांची शिष्यवृत्तीही आहे.

अमेरिकेत ह्या स्थितीच्या नावाने काही शिष्यवृत्त्या आहेत. मोटारीच्या हेन्री फोर्डची पणती ॲन फोर्ड. तिच्या अलेग्रा नावाच्या मुलीला अध्ययनअक्षमता होती. मायलेकींच्या नावांनी तिथे दोन शिष्यवृत्त्या निघाल्या. आईच्या नावाची चार वर्षांच्या पदवीसाठी, आणि लेकीच्या नावाची दोन वर्षांच्या किंवा धंदेशिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी. अध्ययनअक्षमता किंवा एडीएचडी असलेल्या मुलांना त्या मिळतात. फोर्डांच्या घरात पैशाला काय तोटा! पण मुलगी शाळेत मागे पडते तेव्हा आईची जी घालमेल होते, ती फोर्डांच्या बंगल्यात आणि आपल्या चाळीत सारखीच. तिथली आणखी एक गोष्ट आपण ध्यानात घेण्यासारखी आहे. शाळेत असेपर्यंत अशा मुलाला शोधून काढणे ही तिथे शाळेची जबाबदारी असते. महाविद्यालयात गेल्यावर सवलत हवी तर ती विद्यार्थ्याने स्वतः तोंड उघडून मागावी लागते. आपल्याकडेही अकरावीनंतर प्रत्यक्षात हेच होते. ज्या वयात आधार सुटतो, त्याच वयात अर्जांचे ओझे येते.

मग शिष्यवृत्ती शोधायची कशी? माझे सांगणे असे की, निदानाच्या नावाने शोधू नका. मुलाला आणखी पुष्कळ नावे आहेत, त्या नावांनी शोधा. तो अमुक उत्पन्नाच्या घरातला आहे, अमुक प्रवर्गातला आहे, अमुक जिल्ह्यातला आहे, अमुक विषय शिकतो आहे. महाराष्ट्र सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची शिक्षणशुल्क योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादा ८ लाखांची आहे, आणि पात्र विद्यार्थ्याचे निम्मे शिक्षणशुल्क सरकार देते. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाहभत्ता योजना आहे. मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ठराविक प्रवर्गांना आणि उत्पन्नगटांना शुल्काची पूर्ण सवलत झाली आहे. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत आलेल्यांसाठी केंद्राची योजना आहे. दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, उत्पन्नमर्यादा साडेचार लाख, पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये. परदेशी जाणाऱ्यांसाठी १८९२ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेला निधी आहे. तो कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था १९५५ पासून खेड्यातल्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय पाहत आहेत. शिवाय आपल्या गावातले ज्ञातींचे, देवस्थानांचे, जुन्या वकील-डॉक्टरांच्या स्मरणार्थ ठेवलेले लहान लहान निधी असतात. त्यांची जाहिरात सूचनाफलकाच्या कोपऱ्यात लागते आणि अर्ज दहाबारा येतात. अशा ठिकाणी आधी पाहावे. नियम आणि रकमा बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात वाचल्याशिवाय मात्र काही धरून चालू नये.

शोधणे हा भाग सोपा. पुरे करणे हा अवघड. ते कसे जमते, हे मी अशा काही मुलांबरोबर बसून शिकलो, ते सांगतो.

पहिली गोष्ट, वीस अर्जांचा संकल्प सोडायचा. तीनच निवडायचे, फार तर पाच. ह्या मुलांचा उत्साह पहिल्या दिवशी पुराच्या पाण्यासारखा असतो, आणि पूर ओसरला की गाळ तेवढा राहतो.

दुसरी गोष्ट, कागद अर्जाआधी. निकाल लागण्यापूर्वीच, एप्रिल-मेमध्ये, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला काढून ठेवावा. सगळे कागद एकाच लाल फायलीत, आणि ती फाईल घरात एकाच खिळ्याला टांगलेली. कपाटात ठेवलेली वस्तू ह्या मुलांच्या दृष्टीने जगातून नाहीशी झालेली असते. डोळ्यांसमोर असेल तेवढेच त्यांच्यासाठी असते. प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढून ते घरातल्या दुसऱ्या एका माणसाजवळही ठेवावे.

तिसरी गोष्ट, मुदत माणसाच्या रूपात आणावी. ‘३१ तारीख’ ह्या शब्दाला ह्या मुलाच्या लेखी वजन नाही. ‘रविवारी सकाळी दहा वाजता मावशीकडे फाईल घेऊन जायचे’ ह्याला आहे. मावशी पोहे करून वाट पाहत असते, आणि मावशी ही ‘नंतर’ होत नाही.

चौथी गोष्ट ही सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिला पैसा लागत नाही. त्याच्याजवळ बसायचे. अर्ज आपण भरायचा नाही, सूचना द्यायच्या नाहीत, गेल्या वर्षीची आठवण तर मुळीच काढायची नाही. आपण आपले वर्तमानपत्र वाचावे किंवा शेंगा सोलाव्यात. शेजारी शांत माणूस असले की हा मुलगा जागेवर टिकतो. ह्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. घरी जागा असूनही अभ्यासिकेत जाणारी मुले आपण पाहतोच.

पाचवी गोष्ट, अर्ज पाठवला म्हणजे काम संपले असे नाही. संगणकावरचा अर्ज त्रुटीसाठी परत येतो, आणि परत आला हे पाहायला उघडून बघावे लागते. पुष्कळ अर्ज नाकारले जात नाहीत. परत येऊन तसेच पडून राहतात. म्हणून दर सोमवारी एकदा उघडून पाहायचे, आणि पाहिले की कॅलेंडरवर रेघ मारायची. तसेच दरवर्षी नूतनीकरण असते. मघाशी सांगितलेल्या केंद्राच्या योजनेत पुढच्या वर्षासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी सुटते ती पुष्कळदा इथेच. महाविद्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या कारकुनाशी ओळख ठेवावी. त्या टेबलावर माणुसकी पुष्कळ असते. फक्त तिच्याकडे जावे लागते.

आता एक नाजूक प्रश्न. अर्जात किंवा मुलाखतीत ही स्थिती सांगावी का? मला वाटते, विचारले असेल, किंवा एखाद्या वर्षीचे गुण घसरल्याचा खुलासा करायचा असेल, तर सांगावी. एरवी सांगण्याचे बंधन नाही. सांगायची तर चार सरळ वाक्यांत. काय होत होते, निदान केव्हा झाले, आपण काय बदलले, आणि त्याने काय फरक पडला. दयेची याचना नको आणि शौर्याचा पोवाडाही नको. समितीवर बसलेल्या माणसाला त्या चौथ्या वाक्याने विश्वास येतो, हे मी अनुभवाने सांगतो.

शेवटी दोन शब्द माझ्यासारख्या समितीवर बसणाऱ्यांना. ह्या सभेत निदान दहाबारा विश्वस्त मला दिसताहेत. आपण म्हणाल, नियम सैल केले की वशिला शिरतो. मी नियम सैल करा असे म्हणत नाही. अर्ज एका पानाचा करा. पहिल्यांदा नाव, गुण आणि अडचण एवढेच विचारा. दाखले निवड झालेल्यांकडूनच मागवा. कागद कमी असेल तर आठ दिवसांची मुदत द्या, आणि एक दूरध्वनी करा. ही सवलत सगळ्यांना सारखी द्या, म्हणजे पक्षपात होत नाही आणि कोणाला आपल्या दुखण्याचे नावही सांगावे लागत नाही. जिन्याशेजारी उतार बांधला तर त्यावरून म्हातारी माणसेही जातात, तसे हे आहे. ज्याच्या आईला कागद वाचता येत नाहीत, जो दिवसा काम करून शिकतो, त्यालाही त्याचा उपयोग होईल.

आपल्या लोकांना ही कल्पना नवी नाही. वार लावून जेवणाऱ्या मुलांना आपल्या आजोबा-पणजोबांनी जेवू घातले, तेव्हा त्यांनी दाखले मागितले नाहीत. मंगळवारी मुलगा आला नाही तर घरातली बाई विचारायची, “आज आला नाही रे तो, बरे आहे ना?” आपण पुढे अर्ज, रकाने आणि मुदती आणल्या, पैसा पुष्कळ वाढला, हिशेब चोख झाला. तो प्रश्न तेवढा विचारायचा राहिला.

मी त्या अर्जावर ‘अपूर्ण’ लिहिले, तेव्हा माझ्या टेबलावर दूरध्वनी होता. मुलगा हाकेच्या अंतरावर राहत होता. “दाखला कुठे आहे रे?” एवढे विचारले असते तर त्याने दप्तर उघडले असते. तो आज सुखात आहे, स्वतःच्या पायांवर उभा आहे, आणि माझा पंपही छान चालतो. पण पदार्थविज्ञानाचा एक चांगला विद्यार्थी माझ्या लाल शाईने गेला, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

येत्या जूनमध्ये पुन्हा प्रवेश सुरू होतील. तुमच्या आळीत असा एखादा मुलगा, अशी एखादी मुलगी असेल. तिला एखाद्या रविवारी फाईल घेऊन बोलवा, आणि तासभर शेजारी बसा. माझी एवढीच विनंती आहे.